मस्तगडच्या भट्टीचं दार

५ जानेवारी १९३६
जालन्यात आलो एकदाचा! हैदराबादचं कॉलेज त्या फुसक्या प्रोफेसरच्या अंगावर वही भिरकावून सोडलं, त्याचं काडीचं वाईट वाटत न्हाई. रखमाजीमामांनी मस्तगडात पावाची भट्टी घेतलीय. आधीचा मालक भर दुपारी भट्टीवरून दिसेनासा झाला, मंग त्याच्या भावांनी ती मामांच्या गळ्यात मारली. पाव खातं कोण इथं? दवाखान्यातले आजारी नि स्टेशनवरचे बाबू. बाकी गाव भाकरीत खूश. मामा म्हणाले, दार नीट लागत न्हाई, धग बाहेर जाते, पाव कच्चा राहतो; होळीच्या आत दार बसवून भट्टी चालवून दाखव, पुष्पा तुझी. न्हाईतर परतूरचा वकील बघून ठेवलाय. वकील! तो ढेरपोट्या माझ्या मामाची पोर नेणार? एक दार तर लावायचं! चुटकीचं काम.

८ जानेवारी
भट्टी म्हणजे विटांची घुमटी. तोंडातून माणूस रांगत आत जाईल एवढी. लोखंडी दार लोटलं की डाव्या अंगाला बोटभर फट राहते. कारण सापडलं. अडाणीपणा! पीठ मळणारी गोजरबाई रोज दार लोटताना पहिला गोळा त्या फटीत दाबते. त्याचा थर जळून दगड झालाय. विचारलं तर म्हणे, आतल्याचा वाटा हाय, फटीतून घेतो तवर गप ऱ्हातो. मी खो खो हसलो. तर म्हणे, हसा कालिजवाले, दात हायेत तवर हसा. धर्मराज लोहारही तसलाच. बिजागरी दुकानात आणून द्या, ठोकून देतो, पण भट्टीपाशी येणार न्हाई म्हणे. छाती बघा लोहाराची!

११ जानेवारी
थर छिन्नीनं खरवडून काढला. हात चालू होते नि तोंडही. पुष्पा समोर असल्यागत तिच्याशी मोठमोठ्यानं बोलत होतो येड्यासारखा. मामांच्या गावी, वाटूरच्या विहिरीवर तिनं माझ्यावर घागर उपडी केल्ती, ते सगळं. आमच्या दोघांशिवाय कुणाला ठाऊक न्हाई ते.
थराच्या आतल्या बाजूला बोटांचे ठसे निघाले. गोजरबाईचे, दुसरं काय? तिची बोटं आखूड आहेत, हे ठसे लांबलचक. असतील कुणाचे!
दार बराबर बसलं. सुई जाणार न्हाई. गोजरबाई काम सोडून गेली. ब्याद टळली.

१४ जानेवारी, संक्रांत
सकाळी दार पुन्हा बोटभर उघडं. त्या गोजरबाईचाच चावटपणा! बाहेरून जाडजूड कडी ठोकली. पाव आत लावले, कडी घातली, समोरच बसून राहिलो. दार उघडलं तर पावाचे पत्रे रिकामे. चाटून पुसल्यासारखे.
मामा कडाडले: पाव कुठं विकून आलास? पुन्हा असं झालं तर वकिलाला होकार. मीही ताडताड बोललो. काय सांगणार होतो त्यांना?

१५ जानेवारी
भट्टी पेटवलीच न्हाई आज. तरी दार हात लावू देत न्हाई एवढं तापलेलं. आतून खरवडल्याचा आवाज. उंदीर असणार. पण एवढ्या धगीत उंदीर —
गोजरबाईच्या दारात जाऊन ओरडलो. ती शांतपणे ज्वारी निवडून राह्यली होती. म्हणे, आता पिठानं भागायचं न्हाई मालक. तुमी त्याला दुसरंच कायतरी ऐकवलंय.
थोतांड!

१७ जानेवारी, दुपार
पुष्पा आत आहे. रडून राह्यली. म्हणते, भुजंग, कडी काढ, मला वकिलाकडं न्हाई जायचं.
ती वाटूरला आहे. ठाऊक आहे मला.
पण घागरीचं बोलली. तिच्याशिवाय ते कोण —
मी बोललो होतो. मोठ्यानं. इथंच, या दारापाशी —
न्हाई. अडाणी बायांच्या गोष्टी! मी का घाबरू? कडी काढतो. नुसतं डोकं आत घालून —

रांगत पुरता आत आलो. आत कुणी न्हाई.
दार मागून लागलं. लाथा घातल्या, खांदा दिला. हलत न्हाई. माझंच काम. बराबर बसलंय. उजेडाची रेघसुद्धा —
मंग मी हे लिहितोय कशाच्या उजेडात?
पाठीला धग —
पुष्पा म्हणते, मागं वळ, भुज