अर्नीमामाच्या नावापर्यंत

७ मार्च २०१०, रविवार
जमलं! गॅलिपोलीच्या सहलीत माझी जागा पक्की! पंचवीस एप्रिलची, आपले सैनिक तिथल्या किनाऱ्यावर उतरले त्या दिवसाची पहाट मी तिथे बघणार! वय एक्क्याऐंशी, आणि सकाळपासून घरभर शीळ घालत फिरतोय.

लिनेटला, माझ्या मुलीला, सांगितलं. मेंढ्यांची लोकर कातरते ती, आणि बोलणंही तसंच – "बाबा, तिथे तंबू लावू देत नाहीत. रात्रभर उघड्यावर थंडीत बसायचं. पहाटेची प्रार्थना झाली की तीन किलोमीटर चढ. तुझ्याच्यानं व्हायचं नाही."

का नाही होणार? पंधरा साली, पहिल्या महायुद्धात, अर्नीमामा तिथल्या लढाईत गेला, सापडलाच नाही. थडगं नाही, वर लोन पाइनच्या स्मारकाच्या भिंतीवर नुसतं नाव. आई शेवटपर्यंत म्हणायची, कुणीतरी जाऊन त्याला हात लावून या रे. कुणी गेलं नाही. आता मीच उरलोय.

९ मार्च
लिनेटची अट – एक रात्र अंगणात खुर्चीवर काढायची, सकाळी गावामागची टेकडी चढायची. नाही जमलं तर तिकीट रद्द! माझी मुलगी आहे की फौजदार?

१४ मार्च
फजिती! दोन-दोन लोकरी बनियनं घालून बसलो. इथे अजून उकाडा आहे हे डोक्यातच नाही! घामाने चिंब होऊन आत पळालो. टेकडीही अर्ध्यावर सोडली. लिनेटने नुसता टॉवेल पुढे केला. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

पुढच्या महिन्यात पुन्हा बघू, एवढं मात्र तिच्याकडून वदवून घेतलं.

१७ मार्च
डोकं चाललं! थंडीचा सराव – कीथच्या मटणाच्या दुकानात! कोकरं टांगतो त्या थंड खोलीत तासभर बसलो. सोबत थर्मासमधला चहा, ओटची बिस्किटं. मधेच कीथने दार उघडलं – "मर्व, जरा हलत राहा! गिऱ्हाईक विचारतंय, हे म्हातारं मटण काय भाव?"

२८ मार्च
दोन तास! नाक सोडून सगळं शाबूत.

४ एप्रिल
रात्र अंगणात काढली. टेकडी चढलो – पूर्ण! गुडघा बोंबलतोय, बोंबलू दे.

वर लिनेट उभी होती. "तिकीट रद्द नाही करत. दुसरं काढते. तुला एकट्याला पाठवून मला इथे झोप लागणार आहे का?"

मी तोंड फिरवून मेंढ्या मोजल्या. डोळे भरून आले होते.

२३ एप्रिल
काल विमानाने इथवर पोचलो. उद्या गॅलिपोलीची बस. सामान चौथ्यांदा भरलं. लिनेट म्हणते, पाचव्यांदा उघडलंस तर तुलाच आत कोंबीन.

२५ एप्रिल
रात्र काढली. चढ चढलो, पाचदा थांबून, पण स्वतःच्या पायांनी.

नाव सापडलं. फार उंचावर. टाचा उचलल्या, काठी लिनेटकडे देऊन भिंतीला बिलगलो, तरी हात पोचेना. एवढं सगळं करून! सगळ्यांदेखत रडू फुटलं.

लिनेटने काठी भिंतीला टेकवली, माझ्यापुढे खाली बसली. "चढ खांद्यावर."

"अगं, लोक बघतायत."

"बघू देत. चढ, बाबा."

वर गेलो. मामाच्या नावावर अख्खा पंजा ठेवला.

खालून तिचा आवाज – "सावकाश. घाई नाहीये."

मीही घाई केली नाही.