तोंडवलीच्या सतरा लीड

८ सप्टेंबर, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. मनातलं कुठेतरी बाहेर काढलं की ब्लडप्रेशर खाली येतं म्हणे.

चतुर्थीला धनेश आला होता. माझा चुलत भाऊ, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. कुडाळला ऑफिस. मी बावीस वर्षं मालवणात जमिनींचे व्यवहार करतोय, तो चार. तरी गाडी नवी त्याची. आरती चालू असताना त्याचा फोन चार वेळा वाजला, आणि चारही वेळा पार्टी. म्हणे, इंटरनेटवर जाहिरात देतो. कोणी जमीन शोधायला लागला की त्याची जाहिरात वर येते, माणूस क्लिक करतो, नाव-नंबर टाकतो, त्याला लीड म्हणायचं. क्लिक झाला तरच जाहिरातीचे पैसे जातात.

मी म्हणालो, हे फॅड आहे. सारिका (माझी बायको, पण त्या दिवशी वाटत नव्हती) म्हणाली, "धनेश भावोजी शिकान करतत सगळा."

संकल्प : धनेशचा विचार करायचा नाही.

९ सप्टेंबर, सकाळी ६.४०
धनेशची जाहिरात बघितली. 'सिंधुदुर्ग जमीन' टाकलं की सगळ्यात वर तोच. फोटोत गॉगल घातलाय. मागे समुद्र आहे, तो देवगडचा. ह्याचा एक तरी प्लॉट देवगडला आहे का?

क्लिक केलं. म्हणजे त्याचे पैसे गेले. परत केलं. फार दिवसांनी बरं वाटलं.

१७ सप्टेंबर
नियम बसला आहे. चहाआधी दहा क्लिक, चहानंतर दहा. दुपारी बाजारात पाच-सहा दुकानांचं वायफाय आलटून पालटून वापरतो. ही मत्सराची गोष्ट नाही, मार्केटचा अभ्यास आहे.

गुडघेदुखीही कमी वाटते.

२६ सप्टेंबर
धनेशचा फोन. खुशीत होता. म्हणाला, दादा, मालवणातून क्लिक कितीतरी पटीनं वाढलेत, रिपोर्टात मालवण बाजारपेठ नुसती पेटलीय, एवढी डिमांड असेल असं वाटलं नव्हतं. म्हणून दसऱ्याला मालवणात ब्रँच काढतोय. जागा मिळाली. माझ्या ऑफिससमोरची.

मी अभिनंदन केलं. क्लिक बंद.

२ ऑक्टोबर, दसरा
उद्घाटन. काचेचं दार, एसी, पाणी प्यायला आलेल्यालाही कॉफी. माझ्याकडे पंखा आहे आणि तो एसीपेक्षा तब्येतीला चांगला. सारिका आत फिरून आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "ऑफिस केदा बरा केल्यान हा!" बावीस वर्षांत माझ्या ऑफिसात ती फक्त छत्री विसरली म्हणून आली होती.

त्यावर कळस म्हणजे धनेशनं रियाला नोकरीला येतेस का विचारलं. माझ्या मुलीला. पेढा हातात असताना. रिया बी.कॉम. झाली, कम्प्युटरचा कोर्स केला, आता घरीच आहे. ती म्हणाली, तीस नोव्हेंबरपर्यंत सांगते काका.

इथं लिहायला हरकत नाही, कोणी वाचणार नाही. रिया दहावीत होती तेव्हाच मी पेंटरकडून बोर्डाचं माप काढून घेतलं होतं. 'गुरुदास अँड डॉटर'. अक्षरं निळी. तिला कधी सांगितलं नाही. वेळ आली की सांगू म्हटलं.

३ ऑक्टोबर
सांगितलं. बोर्डाचं नाही, ऑफिसात यायचं. ती म्हणाली, "बाबा, तुमच्याकडे काम खंय आसा?" टोमणा नव्हता. खरंच विचारत होती. टोमणा असता तर ओरडता आलं असतं.

ठरलं. तीस नोव्हेंबरच्या आत मीही जाहिरात देणार आणि एक मोठा व्यवहार साठेखतापर्यंत नेणार. मग बघू पोरगी कोणाच्या दारात बसते ती.

६ ऑक्टोबर
जमीन मिळाली! तोंडवलीला, समुद्राला लागून, चिंदरकरवाडीत. विकणारा बाबली चिंदरकर. एकटाच राहतो तिथे, नारळ काढतो, जमीन त्याच्याच ताब्यात.

सातबारा बघितला. एकोणीस नावं आहेत. पण बाबली सोडून सगळी मुंबईची. बाबली म्हणाला, "सगळे आपलेच आसत रे. मुंबैक गेल्ले परत येतत खंय?" पटलं. माझा अनुभवही तोच. सातबारावर मुंबईची जी असतात ती नावं असतात, माणसं नसतात. सह्या शेवटी गोळा होतातच.

९ ऑक्टोबर
व्हिडिओ बघून जाहिरात स्वतः केली. रियाला विचारलं नाही. तिला तयार झालेलं दाखवायचंय. शोधायचे शब्द टाकायचे असतात, मी व्यापक विचार करून 'मालवण' टाकला. वर 'क्लिअर टायटल', म्हणजे मालकीचा काही वाद नाही, असंही लिहिलं. सगळेच लिहितात.

११ ऑक्टोबर
बत्तीस फोन! धनेशला चार यायचे.

सव्वीस जणांना सुरमई थाळी हवी होती. तिघांना स्कुबा. एका पुण्याच्या गृहस्थांनी सोलकढी अनलिमिटेड आहे का विचारलं, मी नाही म्हणालो तर माझ्यावरच चिडले. एक बाई खोली मागत होत्या, त्यांना मी बाबलीचा नंबर दिला. शेवटचा फोन चुकून आला होता.

समोर धनेशच्या काचेतून दोन पार्ट्या आत गेल्या. एकानं टाय लावला होता. मालवणात टाय!

१४ ऑक्टोबर
शब्द बदलला. आता 'तोंडवली जमीन'. जाहिरातीत वाडीचं नाव, माडांचा फोटो, विहिरीचा फोटो. फक्त मुंबई, ठाणे, डोंबिवलीत दिसेल अशी ठेवली. खर्च करायची ताकद तिकडेच आहे.

२२ ऑक्टोबर, पाडवा
आठ दिवसांत एक क्लिक. तोही मीच ठाण्याच्या मेहुण्याला सांगून करून घेतलेला, दिसते का बघायला. माझेच पैसे कापले गेले. ही पद्धत अन्यायाची आहे.

धनेशनं घरी मिठाई पाठवली. काजूकतली. सारिकानं डबा धुऊन ठेवलाय, म्हणे किती चांगला डबा आहे.

२९ ऑक्टोबर
पहिली खरी लीड! मिलिंद चिंदरकर, लालबाग. फॉर्ममध्ये लिहिलंय : जमीन नक्की कुठची, विहिरीच्या कुठल्या बाजूची? अभ्यासू गिऱ्हाईक.

३१ ऑक्टोबर
काल एका दिवसात चौसष्ट क्लिक! अकरा लीड! लोक काय शब्द टाकून येतात ते बघितलं तर 'चिंदरकर जमीन तोंडवली', 'बाबली चिंदरकर जमीन विक्री'. पंधरा दिवसांत मुंबईत बाबलीचं नाव झालं. ब्रँड म्हणतात तो हाच.

३ नोव्हेंबर
सतरा लीड. त्यातल्या चौदा चिंदरकर. बाकीच्या तिघी माहेरच्या चिंदरकर असल्याचं त्यांनी स्वतःहून लिहिलंय. एकाच समाजात मागणी तयार झाली की ती अशी पसरते. शेजाऱ्यानं घेतलं की ह्यालाही हवं. माणसाचा मत्सर हाच धंद्याचा पाया आहे, मी नेहमी सांगत आलो.

फॉर्ममध्ये 'जमीन कशासाठी हवी' ह्या प्रश्नाची उत्तरंही भावनिक. एकानं 'आजोबांसाठी'. एकानं 'कोण विकतोय ते बघायला'. यशोदा चिंदरकर, वय ७८, डोंबिवली, हिनं नुसतं 'येतंय' लिहिलंय. निर्णयाला पक्की बाई दिसते.

बजेटचा रकाना कोणीच भरला नाही. श्रीमंत माणसं भरत नाहीत.

८ नोव्हेंबर
सगळ्यांना साइट व्हिजिटची तारीख विचारली. सगळेच म्हणाले तेवीस, गावच्या जत्रेचा दिवस. आम्ही तेव्हा येतोच, म्हणाले. सतराच्या सतरा जणांना आमच्या जत्रेची आवड. धनेशच्या लीडना जत्रा कधी असते ते तरी माहीत आहे का?

बाबलीला सांगायला गेलो. सतरा गिऱ्हाइकं एकदम येणार म्हटल्यावर त्यानं कोण कोण ते विचारलं. मी यादी वाचायला लागलो. चौथ्या नावाला त्याला अचानक माडावर चढायचं आठवलं.

१५ नोव्हेंबर
रियाला म्हणालो, तेवीसला माझ्याबरोबर चल, बघ धंदा कसा असतो. येते म्हणाली. हसली. लहानपणी स्कूटरवर पुढे उभी राहायची तेव्हा हसायची तसं.

पेंटरला फोन करून ठेवला. माप त्याच्याकडे अजून आहे.

२२ नोव्हेंबर
धनेशला मुद्दाम जाऊन सांगितलं, उद्या सतरा लीडची व्हिजिट. त्याचं तोंड बघायचं होतं. त्यानं विचारलं, दादा, सगळ्या हिस्सेदारांचं झालंय ना? जळतोय.

२३ नोव्हेंबर, संध्याकाळ
लिहावंसं वाटत नाही. पण नियम म्हणजे नियम.

दोन ट्रॅक्स गाड्या भरून आले. मी कोकम सरबताची सोय केली होती, खुर्च्या मांडल्या होत्या. सरबत सगळ्यांनी घेतलं. मी बोलायला उभा राहिलो, तर कोणी माझ्याकडे बघेना, जो तो एकेका माडाकडे बघतोय. मी हद्द दाखवली. यशोदाबाई काठी टेकत पुढे आल्या आणि म्हणाल्या, "हद्द थंय नाय रे. त्या वायंगणी शेताच्या पलीकडे आसा." मी म्हणालो, आजी, तुम्हाला कसं माहीत? तर म्हणाल्या, "मेल्या, आमची जमीन आमकाच इकतस?"

मग सगळेच बोलायला लागले. बाबली जत्रेत गेला होता, तो सापडला नाही.

रियानं माझ्या पिशवीतून सातबारा काढला. आवाज न चढवता एकेक नाव वाचलं. शाळेत हजेरी घेतात तसं. बाबली सोडून प्रत्येक नावाला कोणीतरी हात वर केला. जे वारले होते त्यांच्या नावाला "माजो बापूस", "माजी आवस" असं कोणी ना कोणी म्हणालं. एकोणीस नावं संपेपर्यंत मी खुर्ची धरून उभा होतो.

जमीन विकायची नाही असं त्यांनी तिथंच ठरवलं. जाताना यशोदाबाईंनी रियाचा नंबर घेतला. माझा नाही.

परत येताना स्कूटरवर रियानं एवढंच विचारलं, "बाबा, सातबारा तुमी आधी बघितल्लास?" नाही म्हणता आलं असतं. मी बघितला होता म्हणालो. तिनं मागून धरलं होतं तो हात काढला नाही, एवढं इथं नोंदवून ठेवतो.

२४ नोव्हेंबर
चूक कोणाची, ह्याचा शांतपणे विचार केला. बाबलीची. थोडी जाहिरातीची. ती फार चांगली चालली.

२५ नोव्हेंबर
चूक माझी.

३० नोव्हेंबर, रविवार
रिया धनेशकडे जाणार. तिनं सांगताना खाली बघितलं. सारिका भात बघायला स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ आली नाही. मी म्हणालो, एसी असेल, स्वेटर ने.

पेंटरचा फोन आला होता. उचलला नाही.

३ डिसेंबर
धनेश घरी आला. पाया पडला. हा माणूस एवढा चांगला का वागतो ते मला समजत नाही, वाईट वागला तर मला किती सोपं जाईल. म्हणाला, "दादा, तुका सगळ्या गावांच्यो वाटो म्हायत आसत. पार्टीक जागा दाखवूक तुझ्यासारखो माणूस माका गावणा नाय."

मी म्हणालो, विचार करून सांगतो. सल्लागार म्हणून येऊ शकेन. चहा संपायच्या आत हो म्हणालो.

८ डिसेंबर
पहिला दिवस. लीड रियाच्या टेबलावर येतात, ती मेसेज करते, मी पार्टीला घेऊन जागेवर जायचं. आज वैभववाडीची काजूबाग. मेसेज असा : 'साडेदहा, स्टेशनबाहेर. पार्टी ठाण्याची. टायटलबद्दल काही बोलू नये, ऑफिसकडे पाठवावं.' साडेदहाची वेळ होती, मी पावणेदहालाच जाऊन उभा राहिलो.

हे सगळं तात्पुरतं आहे.

१२ डिसेंबर, शुक्रवार
आजच्या मेसेजच्या शेवटी रियानं लिहिलं होतं, 'टोपी घाला, ऊन आसा.' ऑफिसचं सगळं ती शुद्ध मराठीत लिहिते, हे मालवणीत होतं. स्टेशनबाहेर उभ्या उभ्या चार वेळा वाचलं. म्हटलं, धनेशला ती पगारासाठी काका म्हणत असेल, पण हे माझ्याशिवाय कोणाला लिहील?

धनेशकडे जागा दाखवायला आणखी एक जण आहे, मंगेश, देवगडचा. दुपारी चहाला भेटला. त्याचा फोन टेबलावर होता. रियाचा मेसेज उघडाच होता, मी सहज बघितला.

त्यालाही तेच.

तरी उठताना मी टोपी घातली.