रोवीनासाठी निवडलेला सिनेमा

शुक्रवार, २३ जानेवारी २०२६. डुलूथ. संध्याकाळी ६.४०.
रिमोटच्या बॅटऱ्या बदलत होतो, तेवढ्यात रोवीनाने कोट चढवला. सलग तिसरा शुक्रवार. पिझ्झा संपला, सिनेमा लागलाच नाही. म्हणाली, एल्डन, तू सिनेमा निवडतोयस की बायको? पुढच्या शुक्रवारी पिझ्झा दारात यायच्या आत काही सुरू नसेल, तर ती पुन्हा येणार नाही. बूट घालता घालता म्हणाली, ही चेष्टा नव्हे.
घाबरण्याचे कारण नाही. सिनेमांची चार ॲप आहेत. फक्त पद्धत हवी.

शनिवार, २४. दुपारी १.
टायरच्या दुकानात जेवणाच्या सुट्टीत तक्ता केला. १४२ सिनेमे. रडका शेवट, दोन तासांच्या वर: बाद. उरले ९. त्यांतल्या तीन सिनेमांच्या वर्णनात स्पेलिंग चुकले होते. तेही बाद.

सोमवार, २६.
निवड पक्की. दीपगृहात राहणाऱ्या नवरा-बायकोचा सिनेमा, ९४ मिनिटे. रोवीनाला फोन करून नाव सांगितले. म्हणाली, हो रे बाबा, काहीही लाव. उत्साह जाणवला.

बुधवार, २८.
सिनेमा आमच्या ॲपवरून एका रात्रीत गायब. आता पाचव्या ॲपवर आहे. पहिले सात दिवस फुकट. दुकानातला मर्ल असाच फुकटची मुदत विसरला आणि अकरा महिने पैसे भरत बसला. मी मर्ल नाही. नाव नोंदवले आणि त्याच मिनिटाला रद्दही करून टाकले. निश्चिंत.

शुक्रवार, ३०. संध्याकाळी ५.५०.
पाचवे ॲप उघडेना. रद्द करताच फुकटचे दिवसही संपतात, असे खाली बारीक अक्षरांत होते. मी सगळे वाचतो. एवढेच राहिले.

६.०५.
पैसे भरायला गेलो. बँकेला संशय आला, कार्ड अडवले.

६.१२.
आईचा जुना मित्र डुएन. त्याच्याकडे पाचवे ॲप आहे. पासवर्ड माझ्याकडे आहे, पण उघडायचा कोड त्याच्या फोनवर जातो. फोन केला. म्हणाला, अरे एल्डन, आई कशी आहे? अजून माझ्या नावाने बोटे मोडते का? कोड दहा मिनिटे टिकतो. डुएन अठरा मिनिटे बोलला. दुसरा कोड मागवला, तर त्याला चष्मा सापडेना.

६.३४.
बेल वाजली. रोवीना आणि पिझ्झा एकदमच दारात. पडद्यावर लोडिंगचे गोल चक्र फिरत होते. मी म्हटले, तसे पाहिले तर सुरूच आहे. ती हसली नाही. अर्धा पिझ्झा उचलला आणि निघाली.

शनिवार, ३१. सकाळी ९.
रोवीनाचा मेसेज: दीपगृहाचा सिनेमा काल बहिणीकडे पाहिला. बहिणीने लायब्ररीतून डिस्क आणली होती, फुकट. छान आहे. तुझ्या घराची किल्ली टपालपेटीत टाकली आहे.
म्हणजे निवड अचूक होती.

हिशेब.
चार ॲप: ४७.९६ डॉलर.
चार पिझ्झे: ९६ डॉलर.
बॅटऱ्या: ८.४९.
पाहिलेले सिनेमे: शून्य.
देणे: डुएनला आईचा नवा नंबर. कबूल करून बसलो.
येणे: काही नाही.