ज्या आडाचं पाणी

ती. अव्वाला इंदूरहून त्रिशलाचा वाकून जय जिनेंद्र.

फोनवर तुला नीट ऐकू येत न्हाय, म्हणून लिहिते. दिवाळीला उचगावला आलो न्हाय, रुसू नकोस. सुट्टीच चार दिवस मिळाली. आम्ही तिघं इथल्याच एका तीर्थक्षेत्रावर सेवेला आलोय. हे पंगतीत वाढतात, मी आणि आदिती पाणी गाळतो. जेवण वेळेवर होतंय. तुझा गुडघा कसा हाय? आपल्या बस्तीत, देवाच्या पूजेला, आता पाणी कोण गाळतंय?

इथं दोन आड हायत. काल आदिती पाणी गाळून फडक्यात राहिलेले बारके जीव तांब्यात धुऊन भलत्याच आडात सोडायला निघाली. मी तुझ्यासारखीच ओरडले, "अगं, ज्या आडाचं पाणी, त्याच आडात! दुसऱ्या पाण्यात ते जगत न्हाईत."

तिनं मुकाट्यानं ते पहिल्या आडात सोडले. मग म्हणाली, "आई, तुला कोण परत सोडणार?"

मी पुढचा हंडा गाळला आणि फडकं न धुताच, जीवांसकट पिळून टाकलं. तू शिकवल्यापासून पहिल्यांदाच अशी चुकले.

रागव की. पण पत्रातनं नको, समोर बसवून रागव.

तुझीच,
त्रिशला