फसलेला तास

९ फेब्रुवारी, रविवार

ती. ताईस,

नमस्कार. आम्ही दोघी खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. आईचा खोकला कमी आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी एकदाची बदलून घेतली. तुझी तब्येत उत्तम असणार. शाखेच्या बातमीपत्रातल्या फोटोत चेहरा चांगला भरलेला दिसतोय.

तुझं आमंत्रण पोचलं. भाषाशिक्षक संघाच्या आपल्या शाखेला वर्ष होतंय, तर वर्धापनाच्या सभेत मी ‘हे सगळं कसं सुरू झालं’ यावर चार शब्द बोलावेत, असं म्हणतेस. छापील कागद, खाली तुझी सही, सहीखाली ‘अध्यक्ष’. सख्ख्या बहिणीला लिहितानाही तुला ते खोडावंसं वाटलं नाही.

कसं सुरू झालं, हे तुला माझ्यापेक्षा कमी का ठाऊक आहे? माझ्या स्वयंपाकघरात सुरू झालं. शनिवारी दुपारी, आई आतल्या खोलीत झोपली की. तू, मी, रात्रशाळेतले चष्मेवाले सर आणि निवृत्त होऊनही ज्यांचा शिकवण्याचा सोस सुटला नाही त्या काकू. खुर्च्या तीनच, म्हणून सर ओट्याला टेकून उभे. प्रत्येकाने आठवड्यातला एक फसलेला तास घेऊन यायचा, एवढीच अट. रंगलेल्या तासांच्या बढाया मारायला शिक्षकखोली होतीच. तास सांगून झाला की कोणी सल्ला द्यायचा नाही, प्रत्येकाने फक्त एक प्रश्न विचारायचा. आणि इथलं उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही. हा शेवटचा नियम तुझा होता, बरं का.

सरांनी भाजी विकणाऱ्या बाईला तासभर भाजी कशी विकत घ्यावी ते शिकवलं होतं, आठवतं? किती हसलो होतो आपण. सर स्वतःच डोळे पुसत होते. तशा हसण्यावर माझा सगळा आठवडा निघायचा.

मग मी माझा तास आणला. संध्याकाळचा मोठ्यांचा वर्ग, सगळे कामावरून थेट आलेले. धडा होता फोनवर कसं बोलावं याचा. फळ्यावर मी लिहिलं, ‘हॅलो, मी तुमची मुलगी बोलतेय’, आणि माझा हात थांबला. खडू हातात, तोंड फळ्याकडे, आणि मी रडतेय. शेवटी आमचा वेल्डर उठला आणि पुढचं संभाषण त्याने एकट्यानेच वाचून काढलं, मुलीचंही आणि आईचंही. तास चालू राहावा म्हणून.

का रडले तेही मी त्या शनिवारी सांगितलं होतं. त्या सकाळी आईने मला पहिल्यांदा विचारलं होतं, “तुम्ही कोण?”

काकूंनी विचारलं, नंतर आईने चहा घेतला का. सरांनी विचारलं, वेल्डरचे उच्चार कसे होते. मला रडता रडता हसू फुटलं. तू काहीच विचारलं नाहीस. मला वाटलं, तुझा गळा दाटून आला असेल. तू पाठ करत होतीस, हे कळायला मला शाखेच्या उद्घाटनाची वाट बघावी लागली.

व्यासपीठावरून काय सुरेख सांगितलंस! “आपल्यातल्याच एक शिक्षिका, नाव घेत नाही...” फोनचा धडा सांगितलास, खडू सांगितलास, वेल्डरसुद्धा सोडला नाहीस. या गावात वेल्डर शिकायला येतो असे संध्याकाळचे वर्ग आहेत तरी किती? थकलेल्या शिक्षकांना आधार हवा, म्हणून शाखा हवी, असा शेवट केलास आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. आमच्या मुख्याध्यापिका दुसऱ्या रांगेत होत्या. त्यांनीही वाजवल्या.

सोमवारी त्यांनी मला बोलावून घेतलं. फार गोड बोलल्या. थोडी विश्रांती घ्या म्हणाल्या. तेव्हापासून माझा वर्ग दुसरीकडे गेला आणि मी कार्यालयात बसून जुन्या पुस्तकांना कव्हरं घालते. वेल्डर परवा फाटकाशी भेटला. बाई, कधी येणार, म्हणाला. मी बघू म्हटलं.

तुला तेव्हा फोन केला, तर तू म्हणालीस, “अगं, नाव कुठे घेतलं मी तुझं?”

खरंय, नाव नाही घेतलंस. एवढं सगळं सांगितलंस आणि फक्त ती सकाळ गाळलीस. ती सांगितली असती तर माझा वर्ग वाचला असता, ताई. पण मग कोणीतरी विचारलंच असतं की आई कोणाकडे असते, आणि थोरली किती दिवसांनी येते.

सभेला मी येणार नाही. सांगण्यासारखं होतं ते तू सांगून टाकलंस. शनिवार पुन्हा सुरू झाले आहेत. सर येतात, काकू येतात. सर अजून ओट्यालाच टेकतात, तिसरी खुर्ची रिकामी असली तरी. तू शनिवारी येऊ नकोस. बाकी कुठल्याही दिवशी ये, आईला भेटायला सभासद असावं लागत नाही.

ती आता मला ‘तुम्ही कोण’ विचारत नाही. ती मला ताई म्हणते. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मी सांगून पाहिलं, पण तिचा चेहरा इतका पडला की पुन्हा धीर झाला नाही. लोकांची वाक्यं सुधारण्यात माझा जन्म गेला, हे एक आहे तसं राहू दिलंय. काल मी वेणी घालत होते तर म्हणाली, “ताई, धाकटी हल्ली येत नाही का गं?”

तिला शाखेचं काम असतं, असं मी सांगितलं.

पत्राखाली ‘तुझी धाकटी’ लिहायला बसले होते, पण या घरात ती जागा आता तुझी आहे. म्हणून,

आईची,
ताई