मिठाच्या डब्यावरची चिठ्ठी

आये, तुला लिहायला बसलो खरा, पण सुरुवात कुठून करावी ते कळत नाही. सुताचा गुंता झाला की तू म्हणायचीस, टोक शोधत बसू नको, मिळेल तिथून सोडव. तसंच करतो. तू हसशील, पण म्हातारपणी मी जर्मन शिकतोय. माझी नात, तुझी पणती, नर्सच्या नोकरीला तिकडे गेली. त्यासाठी कुडाळला क्लासला जायची, तेव्हाची तिची गोष्टींची दोन पातळ पुस्तकं इथेच राहिली. ती गेली नि पुस्तकं माझ्या हाती आली, म्हणजे ते म्हणतात ना, …… तुटलं नि बोक्याचं फावलं. काय तुटलं ते आत्ता जिभेवर येत नाही. जागा सोडून ठेवतो, आठवलं की भरीन. तर ती पुस्तकं. लिपी इंग्रजीचीच, आणि इंग्रजी तरी मी कुठे शाळेत शिकलो? बंदरावर होड्यांची इंजिनं उघडता उघडता, इंजिनाबरोबर येणाऱ्या पुस्तकांतूनच शिकलो. चित्रातल्या बाणाच्या टोकाशी जो शब्द, ते हातातल्या वस्तूचं नाव. तेलाने माखलेला शब्द कधी निसटला नाही. मला वाटलं, हेही तसंच होईल. आणि हो, तुझ्याशी जन्मभर मालवणीत बोललो आणि आता कागदावर हे असं साहेबी मराठी लिहितोय त्याचा राग धरू नको. लेखणी हातात घेतली की मला कचेरीत गेल्यासारखं होतं.

वाचण्याची रीत मात्र तुझीच धरली. तू अक्षरं शिकलीस ती माझ्या पहिलीच्या पुस्तकावरून, चुलीपुढे बसून, मी पाठ करायचो ते ऐकत. मग श्रावणात पोथी लावायला लागलीस. मला अजून दिसतं. पडवीत शेजारच्या बायका तांदूळ निवडत बसल्यात, मी तुझ्या गुडघ्याला टेकलोय, तुझं बोट ओळीखालून सरकतंय. प्रत्येक दुसऱ्या शब्दाला मी विचारतोय, आये ह्याचा अर्थ काय, आये त्याचा अर्थ काय. शेवटी तू बोट तिथेच ठेवून माझ्याकडे बघतेस. "पोथी ती, पेडवे न्हय, दर घासाक काटो काढूक. थांबा नको रे. आज नाय कळलो तो शब्द फुडल्या श्रावणात कळतलो." बायका खूप हसल्या होत्या. मला राग आला होता, कारण तुलाही तो अर्थ माहीत नाही हे माझ्या लक्षात आलं होतं. पण पुढच्या श्रावणात तीच पोथी, तोच अध्याय, आणि तो शब्द आपणहून उघडला. कुणी काही सांगितलं नव्हतं. गोष्ट माहीत झाली होती, म्हणून शब्द तिच्या कडेला येऊन बसला होता.

जर्मनचंही तसंच झालं, निदान सुरुवातीला. पहिल्या पुस्तकात एक विसराळू माणूस आहे. तो घराबाहेर पडतो आणि काहीतरी विसरलं म्हणून परत येतो. ते काहीतरी म्हणजे रेगेनशिर्म. मी म्हटलं, असेल काहीही, फुडे चल. पुढे तो माणूस बसची वाट बघत उभा, आणि तो शब्द पुन्हा, आणि माणूस चिंब भिजलेला. मग शेवटी तो आगगाडीतून उतरतो, रेगेनशिर्म आत राहतं आणि गाडी निघून जाते. आये, तेव्हा माझ्या डोक्यात छत्री फट्दिशी उघडली. कोशात बघितलं नाही, कुणाला विचारलं नाही. इतका आनंद झाला की मागच्या दारी जाऊन केळीला मोठ्याने तो शब्द ऐकवला. रविवारी नातीचा फोन आला तेव्हा तिलाही. ती म्हणाली, आजोबा, माझ्यापेक्षा तुमचाच उच्चार बरा आहे. ती लाडाने खोटं बोलते, मला ठाऊक आहे, पण गोड लागतं.

मग तीन-चार दिवसांनी दाराशी खुंटीवर माझी छत्री दिसली आणि शब्द नाही. छत्री माझ्याकडे बघतेय, मी छत्रीकडे बघतोय. पुस्तक उघडलं, पान काढलं, तिथे होता. पुस्तक मिटलं की गेला. वाळूत केलेल्या खड्ड्यासारखं झालं, पाणी येतं पण ठरत नाही. नातीने फोनवर युक्ती सांगितली की घरातल्या वस्तूंनाच चिठ्ठ्या चिकटवा, येता-जाता डोळ्यांखालून जाईल. म्हणून मी दाराला, खिडकीला, खुर्चीला, फडताळातल्या डब्यांना चिठ्ठ्या लावल्या. वर जर्मन, खाली मराठी. दाराला ट्यूर. मिठाच्या डब्यावर झाल्त्स आणि खाली मीठ. तुझी सून असती तर म्हणाली असती, घराला बारशाला बसवलंत की काय.

इथून पुढे गुंता आहे. तुझ्या शेवटच्या वर्षांत आपल्या घरात चिठ्ठ्या होत्या, त्या तुला आठवत असतील की नाही कोण जाणे. वस्तूंची नावं तुझ्या तोंडून गळायला लागली तेव्हा मीच त्या लिहिल्या होत्या. मीठ, साखर, हळद. बोलताना तू नुसतं म्हणायचीस, "तां दी रे, तां पांढरा." पण डब्यावरचं अक्षर बघितलंस की मोठ्याने वाचायचीस, मीठ, आणि माझ्याकडे बघून हसायचीस, जणू मीच विसरलो होतो आणि तू आठवण करून दिलीस. आणि त्याच श्रावणात, आये, तू पडवीत बसून सबंध अध्याय वाचलास. एकही शब्द अडला नाही. ज्या शब्दांचे अर्थ आपल्याला तीन-तीन श्रावण कळले नव्हते ते सगळे सरळ चालत आले. वाचून उठलीस आणि पेजेला मीठ हवं होतं तर पुन्हा तां पांढरा. मला तेव्हाही कळलं नव्हतं आणि आताही कळत नाही. शब्द गेले होते, तर ओळी कशा राहिल्या? मी मनाशी एवढंच धरून ठेवलं की वाचणाऱ्याचं निदान वाचण्यापुरतं तरी जात नाही. जर्मन हातात घेतलं त्यामागे हेही असेल. असेल म्हणतो, कारण खात्री नाही.

परवा माझी लेक जामसंड्याहून आली. खाडीतल्या तिसऱ्या, चांगल्या मोठ्या शिंपल्यांच्या, घेऊन आली होती. दारातच ती थांबली, चिठ्ठीकडे बघितलं. आत आली, खिडकी बघितली, खुर्ची बघितली. तिसऱ्यांची पिशवी हातात तशीच, पाणी ठिबकतंय, आणि ती फडताळापुढे उभी राहून मिठाच्या डब्यावर बोट ठेवून आहे. तुझ्या वेळी ती शाळेत होती, खळ घेऊन चिठ्ठ्या चिकटवायला मला मदत करायची. तिने हळू विचारलं, "बाबा, ह्या कधीपासून?"

मी खुशीत सांगितलं, "श्रावणापासून. पयले नुसता वाची होतंय. पण डोक्यात रवणा नाय गो, सकाळचा सांजेक जाता. म्हणान चिठ्ठ्यो लावलंय."

तिचे डोळे भरून आले आणि मला कळेना मी काय वाईट बोललो. मग एकदम लक्षात आलं आणि मला हसू फुटलं. वरची ओळ दाखवली, पुस्तक दाखवलं, त्या विसराळू माणसाची गोष्ट सांगितली. तीही डोळे पुसत हसली, म्हणाली जीव भांड्यात पडलो. तिसऱ्या धुवायला घेतल्या. मी पाट ओढून बसलो आणि तिला जर्मनमधलं काय काय ऐकवत राहिलो. इंजिनाला ते मोटोर म्हणतात आणि तेलाला ओल, म्हणजे निम्मी भाषा मला बंदरावरच येत होती, वगैरे. ती हूं हूं करत होती. मग माझ्याकडे पाठ ठेवूनच म्हणाली, "बाबा, खाली मराठी कित्याक लिवलात?"

म्हटलं, अर्थ नको?

"डबो उघडलो की आत मीठ आसा मां. तोच अर्थ. तो लिवचो कित्याक लागता?"

आये, हे मला सुचलंच नव्हतं. किती सरळ गोष्ट. दारावर मराठीत दार लिहायची काय गरज? दार तिथे आहे. मी म्हटलं सवय. पण कसली सवय? तुझ्या डब्यांवर लिहिलं होतं तीच हाताला लागली असेल. की हात काहीतरी आधीच ओळखून होता? तिने पुढे ताणलं नाही. तव्यावर खोबरं परतत म्हणाली, सोमवारी गोव्याक जावया, एका डॉक्टराक दाखवया. काय नाय निघाला तर येताना बांद्याक थांबान भजी खावया.

"आणि काय निघाला तर?"

"तरी थांबाया. भजी खंय पळान जातत?"

तेव्हापासून मी स्वतःवर पाळत ठेवून आहे, आणि त्याने घोळ वाढलाच आहे. पाळतीवर बसलं की चोर नसला तरी खुडबुड ऐकू येते. जर्मन शब्द निसटला तर ते शिकणाऱ्याचं निसटणं, त्याला तुझा तोडगा आहे, पुस्तकात तो पुन्हा भेटेल, फुडल्या श्रावणात कळतलो. पण घरातला शब्द निसटला तर तो कुठल्या पानावर भेटायचा? बघ, वर मी जागा सोडली आहे ना, ती अजून भरलेली नाही. म्हण पुन्हा पुन्हा म्हणून बघितली. ती वस्तू मला स्पष्ट दिसतेय, आत्ता मान वर केली तरी दिसते. माजघरात तुळईला टांगलेली, तीन दोऱ्यांची, वर गाठ. मांजराचं तोंड पोचू नये म्हणून तू त्यात ताकाचं मडकं ठेवायचीस. मी आता लसूण ठेवतो. तिलाही चिठ्ठी लावायची म्हणून कागद कापला, कोश उघडला, आणि शोधायचं काय तेच येईना. कोरी चिठ्ठीच दोरीला अडकवली आहे, वाऱ्याने फिरते. आणि गंमत म्हणजे रेगेनशिर्म आत्ता हाक न मारता हजर आहे. असं सत्तरीत कुणाचंही होत असेल. किंवा नसेल. तुझंही असंच सुरू झालं होतं का, हे विचारायला दुसरं कुणी नाही, आणि तू तरी काय सांगणार, तुला ते कळलं होतं का?

एक ठरवलं आहे. तू कधी विचारत नव्हतीस, तां म्हणून हसून वेळ मारून न्यायचीस. मी विचारीन. सोमवारी लेक आली की निघायच्या आधी तिला माजघरात नेऊन वर बोट दाखवीन, म्हणेन, बाय, ह्येका काय म्हणतत गो? ती सांगेल, आणि मी त्या चिठ्ठीवर लिहीन. मग जे काय असेल ते डॉक्टर बघेल.

आज दुपारी कात्री घेऊन घरभर फिरलो आणि चिठ्ठ्यांची खालची ओळ कापून टाकली. दाराची, खिडकीची, खुर्चीची, साखरेची, हळदीची. वर जर्मन तेवढं ठेवलं. घर आता शिकणाऱ्याचं दिसतं. मिठाच्या डब्याची मात्र राहिली. लेकीने विचारलं तर सांगणार आहे की तिथवर येईपर्यंत कात्री बोथट झाली. हा कागद काही कुठे जायचा नाही, म्हणून तुला सांगतो आये, कात्रीला चांगली धार आहे.