लुनला मिळालेली मिशी

३ मार्च १९७२, शुक्रवार, सकाळी सव्वासहा

मेकअपच्या खोलीत स्टुलावर बसून मानेवरचा तपकिरी रंग वाळायची वाट बघतोय. बोलायला बंदी आहे, गालावर भेगा पडतात. म्हणून लिहितोय.

आज मी हिंदुस्तानी साधू. मागच्या आठवड्यात मंगोल होतो, त्याआधी तिबेटी लामा, त्याआधी सयामचा मुष्टियोद्धा. डोक्याला पडद्याच्या कापडाचा फेटा, गळ्यात लाकडी मणी, हातात रबरी नाग. नायक एक लाथ घालतो, मी नागासकट पाण्याच्या हौदात पडतो. काम संपलं.

संध्याकाळ

फाटकावरचा पहारेकरी खरा हिंदुस्तानी, पंजाबचा सरदारजी. मला बघून पोट धरून हसला. म्हणाला, “असला माणूस आमच्याकडं होत नाही! तुमच्याकडं होतो का?” मी म्हटलं, “आमच्याकडंही नाही.” मग दोघं हसलो. पण मला आतून बरं वाटलं नाही.

बातमी अशी. मा दिग्दर्शकांच्या नव्या चित्रपटात जपानी लष्करी अधिकारी आहे. मुख्य खलनायक — शेवटच्या रिळापर्यंत जिवंत! ज्याला मिळेल त्याला वर्षाचा करार आणि पोस्टरवर नाव. मेकअपचे यिम मास्तर दोघांचे चेहरे करून बघणार आहेत, माझा आणि कू सेक-लुनचा.

लुन माझ्यानंतर वर्षभरानं स्टुडिओत आला. कोलांटी मी शिकवली त्याला. लिहिताना अजून चुकतो. हजेरीवर स्वतःचं नावसुद्धा चिनी अक्षरातली एक रेघ कमी टाकून लिहितो.

घरी आल्यावर आईनं नेहमीसारखं विचारलं, “आज कोण झाला होतास?” मी म्हटलं, “हिंदुस्तानी.” “कानामागं राहिलाय थोडा,” म्हणाली आणि फडक्याला तेल लावून पुसलं. मग परत प्लॅस्टिकच्या फुलांना पाकळ्या लावायला बसली. कारखान्याची गोणी उद्या द्यायची होती.

७ मार्च

लुनला मिळालं.

आधी मला बसवलं. मास्तरांनी भुवया सपाट केल्या, मिशी चिकटवली, टोपी घातली. आरशात बघून मीच दचकलो, इतका चांगला दिसत होतो. मा साहेबांनी सिगारेट ओढत पाहिलं. म्हणाले, “शिंग, तुझ्या चेहऱ्यावर सगळे देश बसतात रे. म्हणूनच एकही ठसत नाही.” मग लुनला बसवलं. त्यानं काही केलं नाही, नुसता बघत राहिला. मा साहेब म्हणाले, “हा! ह्याला बघून माझी पावलं मागं गेली.”

त्याला जवळचं नीट दिसत नाही, म्हणून तो तसा बघतो! हे कुणालाच कसं कळत नाही?

८ मार्च

जेवलो नाही. माझा भाताचा डबा लुननं खाल्ला. “वाया कशाला घालवायचा, आ-शिंग?” म्हणे.

२३ मार्च

मलाही काम आहे त्यात. जपानी अधिकाऱ्यानं भाड्यानं आणलेला रशियन पहिलवान. तांबडा टोप, मेणाचं नाक, पोटाला उशी. दिव्यांच्या उष्णतेनं नाक दुपारपर्यंत वाकडं होतं, मग मास्तर अंगठ्यानं सरळ करतात. माझ्या नाकाला एक अंगठा पुरतो! लुनच्या मिशीला मात्र अर्धी सकाळ. खरे केस, एकेक चिमट्यानं लावतात. निवडीच्या दिवशी मला लोकरीची मिशी लावली होती. तेव्हा लक्षात आलं नाही, आज आलं.

तलवार म्यानातून काढताना लुनचा अंगठा कापला. मी घरी आरशासमोर लाकडी पट्टी घेऊन तेच शिकत होतो तीन आठवडे. एकदाही चुकलो नाही. कुणी विचारलं नाही.

कापल्यावर मला आनंद झाला. लिहून ठेवतो, कारण इथं खोटं लिहायचं नाही असं मी ठरवलंय.

१९ एप्रिल

आज मेलो. मरायचं काम केलं की अपशकुन उतरावा म्हणून पैसे घालून लाल पाकीट देतात, तसं मला दिलं. लुनलाही दिलं. त्याचं जाड होतं. वरून बोटांनी दाबून पाहिलं मी.

२८ मे

काल रात्री पहिला खास खेळ झाला. थिएटर तुडुंब. रशियन पडद्यावर आला तेव्हा कुणीतरी शेंगा फोडत होतं, तो आवाज मला स्पष्ट ऐकू आला. जपानी अधिकारी आला आणि लोक उठून उभे राहिले! शिव्या, संत्र्याच्या साली, एक चप्पल. एक म्हातारा रडत ओरडत होता, “माझा भाऊ दे! माझा भाऊ दे!” मा साहेब मागं उभे राहून खुशीत हात चोळत होते.

लुन माझ्या शेजारी खाली सरकून बसला होता. माझी टोपी मागून घेतली त्यानं.

३१ मे

काय सांगू! नूडल्सच्या गाडीवरच्या बाईनं लुनच्या हातातला वाडगा काढून घेतला. “लढाईत तीन वर्षं आठ महिने तुम्ही जपान्यांनी इथं राज्य केलंत, आमचा तांदूळ खाल्लात, आता माझ्या हातचं नाही मिळायचं!” लुन म्हणाला, “अहो मावशी, मी इथलाच, पलीकडच्या गल्लीतला.” ती म्हणाली, “ते सगळे असंच म्हणायचे!” रांगेतले लोक हसले, पण त्याला कुणी वाडगा दिला नाही.

त्यानंतर मी त्याच गाडीवर जाऊन उभा राहिलो. तिनं मला दोन मासळीचे गोळे जास्त घातले. “किती वाळलायस रे, बाळा.”

मला कुणी शिवीसुद्धा देत नाही.

४ जून

पोस्टर लागलं. लुनच्या नावात एक रेघ कमी आहे. त्यानं लिहून दिलं तसंच छापलं. मला लांबूनच दिसलं. कुणाला सांगितलं नाही.

१८ जून

लुनचं लग्न मोडलं. मुलीच्या बापाचा एक कान जपान्यांच्या वेळी गेला. साखरपुड्याचे केक त्यानं सगळे परत पाठवले, वर निरोप: “ते तोंड माझ्या जेवणाच्या टेबलाशी नको.”

लुन ते केक स्टुडिओत घेऊन आला आणि वाटले. मी दोन खाल्ले. कमळाच्या बियांचं सारण, फार छान होतं. नंतर मला स्वतःची लाज वाटली, पण थोडी उशिरा.

२७ जून

दुसरा भाग काढणार. लुननं नाही म्हणून सांगितलं! चुलतभावाची मिनीबस चालवणार म्हणतो. मा साहेब चिडले, टेबलावर पेला आपटला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “तू. तुला तलवार येते ना?”

त्यांना माहीत होतं! एवढे दिवस माहीत होतं!

२ जुलै

सही केली. नावाच्या सगळ्या रेघा नीट टाकल्या, शाई वाळेपर्यंत कागद धरून ठेवला.

आईला म्हटलं, “आता मी अधिकारी.” तिनं हातातली पाकळी खाली ठेवली. “अधिकारी? मग बूट मिळणार?” “गुडघ्यापर्यंत, चामड्याचे.” शेजारच्या फोंग काकूंना हाक मारून सांगितलं तिनं, “आमचा शिंग मोठा साहेब झाला!” कुठल्या देशाचा ते मी बोललो नाही. चकित करायचं तर पुरतं करावं. मुहूर्ताच्या दिवशी भाजलेलं डुक्कर कापतात, उदबत्त्या लावतात, घरच्यांना बोलावतात. आई सिनेमा कधी बघत नाही, मारामारी बघवत नाही म्हणते. मुहूर्ताला मात्र येईन म्हणाली. राखाडी कोट उन्हात टाकलाय.

९ जुलै

लुन भेटला, बसच्या टपावर पाय सोडून कलिंगड खात होता. मी म्हटलं, “मिशी माझी झाली.”

“घे बाबा. उकडतं फार त्याच्याखाली.” मग म्हणाला, “घरी कोण आहे तुझ्या?”

“आई.”

“तिला सांगितलंस?”

“अधिकारी होणार म्हणून सांगितलंय.”

“लेका, पुरतं सांग.”

मी म्हटलं, “तू जळतोयस.” तो हसला आणि बिया थुंकत बसला. जळत असणारच. मी जळलो नाही का?

आणि आईचं म्हणशील तर, ती त्या काळाबद्दल एक शब्द बोलत नाही. फोंग काकू बोलतात, नूडलवाली बोलते, अख्खी इमारत बोलते. आईला फारसं सोसावं लागलं नसणार.

२३ जुलै

उद्या मुहूर्त. मास्तरांनी खऱ्या केसांची मिशी करून ठेवलीय. डबीतली दाखवली. झोप येत नाही.

२४ जुलै

आई लवकर आली. हातात गोड पोळ्यांचा डबा, राखाडी कोट, केसांना पाणी लावून बसवलेले. डुकरासमोर उभी राहून कुणाला तरी विचारत होती, “आमचा शिंग कुठाय?”

मी बुटांचा आवाज करत मागून गेलो. तलवारीवर हात ठेवला, पाय आपटले आणि पाठ केलेली जपानी आरोळी दिली.

ती वळली. डबा हातातून पडला. दोन्ही हात मांड्यांवर गेले आणि ती कमरेत वाकली, पार खाली. पोरं हसली, टाळ्याही वाजल्या. ती उठलीच नाही. मग वयानं मोठे होते ते गप्प झाले. यिम मास्तर हळूच म्हणाले, “जपान्यांच्या चौकीवर असंच वाकायला लागायचं. शिपाई जा म्हणेपर्यंत. टोपी काढ, पोरा. लवकर काढ.”

मी टोपी काढली. मिशी ओढली, कातडी सोलवटली. तिच्यासमोर गुडघ्यावर बसलो. “आई, मी. शिंग.”

“हो साहेब,” ती म्हणाली.